होबोकनचे खेळगडी

६ एप्रिल १८६५ या दिवशी हवाई बेटांवरील होनोलुलू शहरातून अलेक्झांडर कार्टराइट नावाच्या, पंचेचाळिशीला टेकलेल्या एका गृहस्थाने न्यूयॉर्कमधील आपल्या जुन्या मित्राला, चार्ल्स डीबॉस्टला, पत्र लिहिले. न्यूयॉर्क सोडून त्याला सोळा वर्षे झाली होती. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्याच्या बातमीने जी हजारो माणसे घरदार सोडून पश्चिमेकडे निघाली, त्यांत हा बँकेतला माजी कारकून होता. सोन्याने त्याला फार दिवस धरून ठेवले नाही; त्याच वर्षी तो जहाजाने हवाईला पोहोचला आणि तिथलाच झाला. व्यापार केला, नाव मिळवले, होनोलुलूच्या अग्निशामक दलाचा प्रमुखही झाला. पण पत्रातला मजकूर व्यापाराचा नाही. आपला क्लब अजून चालू आहे ना, अशी चौकशी त्यात आहे. होबोकनच्या मैदानावर त्या सगळ्यांची कधीतरी पुन्हा गाठ पडावी, अशी इच्छा आहे. आणि पुढे असे लिहिले आहे की, ज्या चेंडूने आपण अगदी सुरुवातीला मरी हिलवर खेळत असू तो मूळ चेंडू माझ्याजवळ आहे. क्लबांनी त्यासाठी सामना खेळावा म्हणून तो परत पाठवावा असे अनेकदा मनात येते, परंतु घरच्या आठवणी त्यात इतक्या गुंतल्या आहेत की तो हातावेगळा करवत नाही.

घर सोडून दूर देशी स्थायिक झालेल्या माणसाच्या पेटीत काय काय सापडते हे आपल्या घराण्यांना सांगायला नको. कोणाकडे देव्हाऱ्यातला टाक असतो, कोणाकडे सनदेची नक्कल. कार्टराइटकडे एक चेंडू होता.

तो ज्या क्लबाविषयी विचारीत होता त्याचे नाव ‘निकरबॉकर बेस बॉल क्लब’. स्थापना २३ सप्टेंबर १८४५, न्यूयॉर्क. बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाही, म्हणून दोन शब्दांत सांगायचे तर असे: चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. एका ठाण्यापाशी उभा राहून गडी चेंडू टोलवतो आणि उरलेल्या तीन ठाण्यांना शिवून परत घरी येतो, तेव्हा एक धाव होते. त्याआधी प्रतिपक्षाने चेंडू झेलला किंवा त्याच्या आधी ठाण्यावर पोहोचवला की गडी बाद. हा खेळ त्या आधीही मुले खेळतच होती, पण त्यात धावणाऱ्या गड्याला चेंडू फेकून मारले की तो बाद होत असे. आपल्या आबाधोबीची ज्यांच्या पाठीला आठवण आहे त्यांना त्यातली गंमत आणि वेदना दोन्ही कळतील. निकरबॉकर मंडळींच्या वीस लेखी नियमांत एक असा होता की, कोणत्याही परिस्थितीत चेंडू गड्याला फेकून मारायचा नाही. मुलांचा खेळ मोठ्या माणसांनी उजळ माथ्याने खेळावा, याला या एका नियमाने वाट करून दिली असे मला वाटते. चेंडू अंगावर मारायचा नाही म्हटल्यावर तो मऊ असण्याचे कारण उरले नाही. चेंडू कठीण झाला तसा तो लांब जाऊ लागला, आणि खेळाचे सगळे रूपच पालटले.

ही मंडळी होती कोण? व्यापारी, दलाल, बँकांतले कारकून, एखाददुसरा वकील, एखादा डॉक्टर. दुपारी कामे आटोपली की ही तरुण मंडळी नावेने हडसन नदी ओलांडून पलीकडच्या काठावर, न्यू जर्सीतील होबोकन गावी जात. तिथे ‘एलिशियन फील्ड्स’ नावाचे झाडांनी वेढलेले विस्तीर्ण मैदान होते. वर्षाला ७५ डॉलर भाडे भरून क्लबाने तिथे खेळण्याची सोय केली. ऑक्टोबर १८४५ पासूनच्या त्यांच्या खेळांच्या नोंदवह्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपलेल्या आहेत. १९ जून १८४६ रोजी दुसऱ्या संघाशी झालेल्या सामन्यात त्यांचा २३ विरुद्ध १ असा दारुण पराभव झाला, हे या वहीवरूनच कळते. त्याच वहीत एका गड्याला शिवी दिल्याबद्दल सहा सेंट दंड केल्याची नोंद आहे. पराभवाच्या दुःखापेक्षा सभ्यतेची चाड मोठी, असा तो काळ होता. निदान वहीत तरी तो तसा दिसतो.

क्लबाचा खरा आधारस्तंभ मात्र कार्टराइट नव्हे, तर डॉक्टर डॅनियल ॲडम्स. १८१४ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला हा गृहस्थ येल विद्यापीठाचा पदवीधर आणि हार्वर्डचा वैद्य. क्लब निघाला त्याच वर्षी तो सभासद झाला आणि पुढे अनेक वर्षे अध्यक्ष राहिला. उतारवयात, १८९६ साली, ‘स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकाच्या प्रतिनिधीला त्याने ज्या आठवणी सांगितल्या त्या वाचताना कोणत्याही हौशी मंडळाच्या कार्यवाहाला आपलीच कहाणी ऐकल्यासारखे वाटेल. सरावाला सभासद येत नसत. नदी ओलांडून होबोकनला जावे तर कधी दोन-तीनच जण आलेले, कधी कोणीच नाही, आणि निराश होऊन परत फिरावे लागे. चेंडू बनवून देणारा कोणी मिळेना, म्हणून क्लबाचेच नव्हे तर इतर क्लबांचेही चेंडू कित्येक वर्षे डॉक्टर स्वतः बनवीत असे: आत रबराचे तुकडे, त्यावर लोकरीचा धागा, वरून चामडे. शेवटी एक खोगीर बनवणारा कारागीर भेटला आणि त्याने घोड्याचे कातडे चेंडूवर कसे बसवायचे ते दाखवून दिले, तेव्हा डॉक्टरची सुटका झाली. चेंडू हलका असल्याने फार लांब फेकता येत नसे. म्हणून दूरवर गेलेला चेंडू मध्येच घेऊन पुढे पोहोचवण्यासाठी एक गडी अधेमधे उभा करावा लागे. १८५० च्या सुमारास ती जागा डॉक्टरने स्वतःकडे घेतली. आजच्या बेसबॉलमधील ‘शॉर्टस्टॉप’ हे मानाचे स्थान या अडचणीतून जन्मले.

१८५७ साली न्यूयॉर्क परिसरातील क्लबांचे प्रतिनिधी एकत्र जमले. अध्यक्षस्थानी अर्थात डॉ. ॲडम्स. दोन ठाण्यांमधील अंतर ९० फूट असावे, एका बाजूला नऊ गडी असावेत, सामना नऊ डावांचा असावा, या ज्या गोष्टींवर आजचा बेसबॉल उभा आहे त्या या बैठकीत ठरल्या. तोवर २१ धावा ज्याच्या आधी होतील तो जिंकला, असा हिशेब होता. निकरबॉकर क्लबाचा कल सात डावांकडे होता. नवाचा आग्रह धरला तो लुई वड्सवर्थ नावाच्या, पूर्वी निकरबॉकरांतच असलेल्या आणि मग दुसऱ्या क्लबात गेलेल्या एका तिखट स्वभावाच्या गड्याने. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढचा इतिहास सर्वत्र घडतो तसाच घडला. खेळ लोकप्रिय झाला, प्रेक्षक आले, प्रेक्षकांमागून तिकिटे आली, तिकिटांमागून पगार आले. १८६९ साली सिनसिनाटी शहराने उघडपणे सगळ्याच गड्यांना पगार देणारा संघ उभा केला. त्याचा कर्णधार हॅरी राइट हा एके काळी निकरबॉकरांच्याच मैदानावर घडलेला, हा योगायोग बोलका आहे. १८७६ मध्ये व्यावसायिक संघांची ‘नॅशनल लीग’ स्थापन झाली. निकरबॉकर क्लबाने मात्र पैशासाठी खेळायचे नाही हा हट्ट सोडला नाही. तो मागे पडत गेला, आणि १८८२ साली क्लब विसर्जित झाला. पराभूतांची बाजू घेण्याचा मोह इथे होतो. पण खरे पाहता ज्यांना दुपारी तीन वाजता दुकान बंद करून नदीपार जाणे परवडत होते त्यांची ती हौस होती. गिरणीत राबणाऱ्या मुलाच्या अंगी कितीही कौशल्य असले तरी पगारावाचून त्याला मैदानावर पाय ठेवता आला नसता.

विसर्जनापूर्वी एक प्रसंग घडला. क्लबाचा एक निष्ठावंत सभासद जेम्स व्हाइट डेव्हिस याच्या सभासदत्वाला पंचवीस वर्षे झाली म्हणून २७ सप्टेंबर १८७५ रोजी जुन्या गड्यांचा सामना ठरला. वैद्यकी सोडून कनेक्टिकटमधील रिजफील्ड गावी जाऊन राहिलेले डॉ. ॲडम्स वयाच्या एकसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यासाठी मैदानात उतरले. रीतसर सामना असा तो त्यांचा शेवटचा.

असे जुने सवंगडी जमले की आठवणी निघतात, आणि आठवणी निघाल्या की ‘पहिल्यांदा हे कोणी सुरू केले?’ हा प्रश्नही निघतो. बेसबॉलच्या बाबतीत या प्रश्नाने मोठा गोंधळ माजवला. १८८७ साली सॅनफ्रान्सिस्कोच्या ‘एक्झामिनर’ या वृत्तपत्रात एका निनावी वृद्धाच्या आठवणी छापून आल्या. त्याचे म्हणणे असे की, निकरबॉकरांच्या आठ वर्षे आधी, १८३७ मध्येच, आम्ही ‘गॉथम’ नावाचा क्लब काढला होता. चेंडू फेकून मारण्याची रीत आम्हीच बंद केली. नियम मीच लिहून काढले. निकरबॉकरांनी तेच थोडेफार बदलून घेतले. परवाच इथे एक सामना पाहिला, असेही तो सांगतो, आणि मनात आले की चाळीस वर्षांपूर्वी वारलेले माझे खेळगडी उठून आले तर किरकोळ फरक सोडता हा आपलाच खेळ म्हणून ते ओळखतील. हा वृद्ध म्हणजे वकील विल्यम व्हीटन. ॲडम्सप्रमाणेच १८१४ चा जन्म, कार्टराइटप्रमाणेच १८४९ चे प्रस्थान. निकरबॉकरांच्या पहिल्या नियमावलीवर समितीतर्फे सही असलेल्या दोघांत एक नाव त्याचेच आहे. मुलाखत छापून आल्यावर वर्षभरातच तो वारला, आणि तो निनावी वृद्ध म्हणजे व्हीटनच हे संशोधकांनी मांडले ते थेट २००४ साली. सव्वाशे वर्षांच्या आसपास ही साक्ष वर्तमानपत्राच्या घडीत पडून होती.

दरम्यान, दुसऱ्याच एका आठवणीने बाजी मारली होती. बेसबॉल हा इंग्लंडमधील ‘राउंडर्स’ या मुलांच्या खेळावरून आला, असे हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला नामवंत क्रीडापत्रकार आग्रहाने लिहीत असे. हे अमेरिकेतील अनेकांना झोंबे. खेळाच्या साहित्याचा मोठा कारखानदार आणि माजी खेळाडू अल्बर्ट स्पॉल्डिंग याने १९०५ साली एक आयोग नेमवला. अध्यक्ष अब्राहम मिल्स. लोकांना आवाहन करण्यात आले की आपल्या आठवणी कळवा. त्या आवाहनाला एक उत्तर आले अबनर ग्रेव्ह्ज या एकाहत्तर वर्षांच्या खाण अभियंत्याकडून. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी आपण लहान असताना अबनर डबलडे या मुलाने बेसबॉल शोधून काढला, असे त्याने लिहिले. सालाविषयी तो चाचरत होता: १८३९, किंवा ४०, किंवा ४१. आयोगाने १८३९ पक्के केले आणि ३० डिसेंबर १९०७ रोजी निकाल दिला. डबलडे हा यादवी युद्धातला सेनापती. खेळ अमेरिकन, जनक सेनानी, जन्मस्थान एक रम्य खेडे. याहून सोयीचे उत्तर कोणते मिळणार?

निकाल एका पत्रावर टिकून होता. १८३९ मध्ये ग्रेव्ह्ज पाच वर्षांचा होता. डबलडे त्या वेळी कूपर्सटाउनच्या शाळेत नव्हे, तर वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात होता. डबलडेने पुष्कळ लिहिले, पण या शोधाचा हक्क कधी सांगितला नाही. त्याहून मासलेवाईक गोष्ट ही की, आयोगाचे अध्यक्ष मिल्स हे डबलडेचे जुने स्नेही; १८९३ मध्ये तो वारेपर्यंत त्याच्या तोंडून यातले अक्षरही त्यांनी ऐकले नव्हते. तरीही सही त्यांचीच. ग्रेव्ह्जला खोटारडा ठरवण्याची मला मात्र घाई नाही. कूपर्सटाउनमध्ये मुले चेंडू खेळत असतील, त्यांत डबलडे घराण्यातला एखादा मुलगाही असेल; पाच वर्षांच्या पोराला मोठी मुले जे शिकवतात ते त्यांनीच शोधले असे वाटत असते. सहासष्ट वर्षांनी त्या आठवणीला सेनापतीचा पोशाख चढला. दोष आठवणीचा कमी आणि ती तपासायची नाही असे ठरवणाऱ्यांचा अधिक.

याच आयोगापुढे वड्सवर्थचेही नाव आले होते. मैदानाची आखणी त्याने आणली, असे एका जुन्या पत्रकाराने कळवले होते. मिल्सनी त्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला, जकात कार्यालयाच्या नोंदी चाळायला लावल्या. पत्ता लागला नाही. आणि वड्सवर्थ जिवंत होता! न्यूयॉर्कपासून फार दूर नसलेल्या न्यू जर्सीतील प्लेनफील्ड गावी, १८९८ पासून निराधारांच्या आश्रयगृहात, तो दिवस काढीत होता. आयोगाचा निकाल लोकांपुढे येत होता त्याच सुमारास, मार्च १९०८ मध्ये, तो तिथेच वारला. जॉन थॉर्न या इतिहासकाराने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही कथा सविस्तर मांडली आहे. ज्याला विचारायचे तो माणूस काही कोसांवर बसलेला आणि चौकशी चाललेली दुसऱ्याच गावाच्या पत्रावरून, हे वाचून मन विषण्ण होते.

कूपर्सटाउनला पुढे १२ जून १९३९ रोजी, या तथाकथित शोधाच्या शतसांवत्सरिकाच्या निमित्ताने, बेसबॉलचे कीर्तिमंदिर उघडण्यात आले. त्याच्या वर्षभर आधी कार्टराइटच्या नातवाने खटपट केल्याने आजोबांची त्यात निवड झाली होती. त्यांच्या नावाच्या पाटीवर ९० फुटांचे अंतर, नऊ डाव आणि नऊ गडी या तिन्ही गोष्टींचे श्रेय त्यांना दिले गेले. या तिन्ही गोष्टी ठरल्या १८५७ मध्ये, आणि तेव्हा कार्टराइट हवाईत होता. नातू खटपट्या असला की आजोबा मोठे होतात. हे काही अमेरिकेपुरते खरे नाही. डॉ. ॲडम्स यांच्या नावाला २०१५ च्या अखेरीस झालेल्या मतदानात सोळांपैकी दहा मते मिळाली, हवी होती बारा. मात्र त्यांच्या हस्ताक्षरातील १८५७ चे नियमांचे कागद २०१६ मध्ये लिलावात बत्तीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले.

आणि मुळात ‘जनक कोण?’ हा प्रश्नच फसवा आहे. लंडनमध्ये १७४४ साली निघालेल्या मुलांच्या एका चित्रपुस्तकात ‘बेस-बॉल’ हे नाव आहे. १७५५ मध्ये विल्यम ब्रे नावाच्या इंग्रज तरुणाने आपल्या रोजनिशीत तो खेळल्याची नोंद केली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ची नायिका लहानपणी तो खेळते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावाने १७९१ साली नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या आसपास हा खेळ खेळण्यास बंदी घातली होती. म्हणजे खेळ शेकडो पोरांचा होता. निकरबॉकरांनी तो लिहून काढला, आणि लिहिल्याबरोबर त्याला जन्मतारीख लागली. विटीदांडूला, आट्यापाट्यांना जनक नाही; पण विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात पुण्या-बडोद्याच्या मंडळींनी हुतूतू आणि खो-खो यांचे नियम ठरवून छापले, तिथून त्यांचाही ‘इतिहास’ सुरू होतो. त्या मंडळींत कोणी काय सुचवले, कोणत्या नियमावर भांडण झाले, कोण रागावून उठून गेला, हे सांगणाऱ्या वह्या आपल्या जुन्या व्यायामशाळांच्या कपाटांत असतील तर त्या वाळवीच्या आधी कोणाच्या तरी हाती पडोत. शंभर वर्षांनी एखादा खटपट्या नातू पाटी लावील, तेव्हा ताडून पाहायला काही तरी हवे.

राहता राहिला जेम्स व्हाइट डेव्हिस, ज्याच्यासाठी १८७५ चा तो सामना झाला. सामन्यांना तो नेहमी उशिरा येई म्हणून मित्रांनी त्याचे नाव ‘टू लेट’ असे पाडले होते. क्लब विसर्जित झाला, पण क्लबाचा जुना ध्वज त्याने सोडला नाही. १८९३ साली, हाताशी पैसा उरलेला नसताना, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाच्या एका चालकाला त्याने पत्र लिहिले: मी गेल्यावर मला आमच्या ध्वजात गुंडाळून पुरावे, आणि प्रत्येक खेळाडूने दहा सेंट, त्याहून अधिक नको, देऊन माझ्या थडग्यावर एक दगड बसवावा. दगडावर कोरायचा मजकूरही त्याने लिहून दिला होता. ध्वजाचा त्यात उल्लेख होता, तीस वर्षांच्या सभासदत्वाचा होता, आणि ‘टू लेट’ या नावावर केलेली एक कोटीही होती, की शेवटच्या घरच्या ठाण्यावर मात्र हा गडी उशिरा पोहोचला नाही. जन्मतारीख घातली होती, मृत्यूच्या तारखेसाठी जागा कोरी सोडली होती.

डेव्हिस १८९९ च्या फेब्रुवारीत वारला, डॉ. ॲडम्स त्याच्या दीडएक महिना आधी गेले होते. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत डेव्हिसला पुरले. दहा सेंटांची वर्गणी झाली नाही. जागेवर खूण राहिली नाही. २०१६ साली बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी आपसात पैसे जमवून तिथे दगड बसवला.